मित्राचं सूतक नसतं

तुम्ही जे लिहिलंय ते आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमचं वय ३६. इंजिनिअरिंगच्या होस्टेलपासूनचा, १८ वर्षांचा जिवलग मित्र पाच आठवड्यांपूर्वी हार्ट अटॅकने गेला. आदल्या रात्री साडेनऊला तुमचं फोनवर बोलणं झालं होतं. छातीत जळजळतंय म्हणाला. तुम्ही म्हणालात, "दुपारी मिसळ हाणलीस ना, मग जळजळणारच. गार दूध पी आणि झोप." पहाटे वहिनींचा फोन आला. तेव्हापासून तुम्ही एकदाही रडलेला नाहीत, झोप लागत नाही, कामात मन नाही, आणि दहाव्यानंतर त्याच्या घरी पाऊल टाकलेलं नाही. तुमचे प्रश्न दोन: हे नॉर्मल आहे का, आणि हे किती दिवस चालणार?

दोन्हींची उत्तरं देते. पण तुमचा मजकूर मी तीनदा वाचला आणि मला वाटतं, खरा प्रश्न मध्येच कुठेतरी एका ओळीत येऊन गेलाय. "बायको म्हणते, त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल याचा विचार कर. ते बरोबरच आहे. मी कोण?" तुम्ही पुढच्या वाक्यात विषय बदललात. मी तिथेच थांबले, कारण गेली २२ वर्षं हा प्रश्न मी ऐकत आलेय. त्यातली पहिली नऊ वर्षं एका मोठ्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून, आणि नंतर स्वतंत्र समुपदेशन करताना. मित्र गमावलेला माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा दहातले आठजण पहिल्या पाच मिनिटांत माफी मागितल्यासारखे म्हणतात, "तसं माझं रक्ताचं नातं नव्हतं."

आपल्याकडे दुःखाची वाटणी नात्याप्रमाणे होते. सूतक कुणाला किती दिवस ते ठरलेलं असतं. कुणी डोकं भादरायचं, कुणी पाणी द्यायचं, कुणाच्या घरी पिठलं-भात पाठवायचा, सगळं ठरलेलं. या रीती मला वाईट वाटत नाहीत. सैरभैर झालेल्या माणसाच्या हाताला त्या काम देतात आणि तेरा दिवस त्याला एकटं पडू देत नाहीत. पण त्यात मित्राला कुठे जागाच नाही. त्याला सूतक नाही, म्हणून तो तिसऱ्या दिवशी ऑफिसात. एचआरच्या रजेच्या यादीत आई-वडील असतात, जोडीदार असतो, मित्र नसतो. भेटायला येणारे लोक त्याच्या घरी जातात, तुमच्या नाही. "काल जेवलास का?" हे तुम्हाला कुणी विचारत नाही. केनेथ डोका नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली यावर पुस्तकच काढलं: समाज ज्याला दुःख म्हणून मान्यताच देत नाही असं दुःख. त्यांचं म्हणणं सोपं आहे. अशा दुःखात यातना कमी नसतात, आधार कमी असतो. आणि आधार कमी पडल्यामुळेच ते जास्त काळ रेंगाळतं.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक गृहस्थ माझ्याकडे यायचे, चाळिशीचे. मित्राच्या दशक्रियेला ते घाटावर होते. पिंड ठेवले, कावळा शिवेना. मग आपल्याकडे करतात तसं एकेकजण पुढे होऊन सांगू लागला. भाऊ म्हणाला, "शेताचं मी बघतो." मामा म्हणाले, "पोरीच्या लग्नाची काळजी करू नकोस." तरी कावळा लांबच. हे गृहस्थ मागे, चपला काढून ठेवल्या होत्या तिथे उभे. त्यांना मित्राची एक काळजी माहीत होती जी घरात कुणालाच माहीत नव्हती: त्याने धाकट्या भावापासून लपवून एक कर्ज घेतलं होतं आणि ते फिटत आलं होतं. पुढे जाऊन "ते मी बघतो रे" एवढं म्हणायचं होतं. पण पुढे जायचा आपला हक्क नाही असं वाटलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला, सगळे आंघोळीला गेले. हे सांगताना ते माझ्या खोलीत पहिल्यांदा रडले. तेव्हा त्या घटनेला १४ महिने झाले होते. कर्जाचे उरलेले हप्ते त्यांनी मागच्या मागे भरले होते, पण तेवढं एक वाक्य अडकून राहिलं होतं.

तेव्हा 'मी कोण?' याचं माझं उत्तर: १८ वर्षं ज्याला रोज काहीतरी सांगितल्याशिवाय दिवस संपत नव्हता, तो माणूस तुमचा गेला आहे. त्याच्या आईचं दुःख मोठं आहे. त्याने तुमचं लहान होत नाही. तुमची बायको चुकीचं बोलतेय असं मी म्हणणार नाही. तिला तुम्ही गप्प झालेले दिसताय, तुम्हाला यातून बाहेर काढायला ती हाताला लागेल ते वाक्य वापरतेय. तिला एवढंच सांगा, "मला त्याच्याबद्दल बोलायचंय, तू फक्त ऐक, उपाय सांगू नकोस." बहुतेक जोडीदार हे ऐकतात. त्यांना काय करायचं ते कुणी सांगितलेलं नसतं, एवढीच अडचण असते.

आता त्या फोनबद्दल. हाच सगळ्यात जड भाग आहे, म्हणून इथे जरा जास्त लिहिते.

"तुझी काही चूक नाही" असं तुम्हाला आतापर्यंत चार-पाचजणांनी सांगितलं असेल, आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नसेल. होत नाही, कारण समोरच्याने हिशोब न तपासताच 'बरोबर' अशी खूण केलेली असते. तुम्हाला हिशोब तपासून हवाय. मग तपासूया. एक कागद घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे रात्री साडेनऊला तुम्हाला जे माहीत होतं तेवढंच लिहा. तो ३७ वर्षांचा. दुपारी मिसळ खाल्लेली. आवाज नेहमीचा. आधीही त्याला ॲसिडिटी व्हायची, हे तुम्हीच लिहिलंय. घाम फुटलाय, दम लागतोय, हात दुखतोय असं काही तो म्हणाला का? तुमच्या मजकुरात तरी नाही. उजवीकडे दुसऱ्या दिवशी कळलं ते लिहा. हार्ट अटॅक हा शब्द फक्त उजव्या बाजूला येईल. गेले पाच आठवडे तुम्ही उजवीकडची माहिती हातात घेऊन डावीकडच्या माणसाला जाब विचारताय.

रुग्णालयातल्या नऊ वर्षांत मी हे फार जवळून पाहिलंय. छातीतली जळजळ पित्ताची की हृदयाची, हे कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरलाही नुसतं ऐकून ठरवता येत नाही. पहिला ईसीजीसुद्धा कधी कधी नॉर्मल येतो, म्हणून तर ते पुन्हा काढतात आणि रक्त तपासतात. तुम्ही फोनवर होतात. आणि हेही लक्षात घ्या की ती जळजळ ज्याच्या छातीत होती त्यालाही ती ॲसिडिटीच वाटली होती. नाहीतर त्याने तुम्हाला नाही, शेजारच्या खोलीतल्या बायकोला हाक मारली असती.

एवढं करूनही खंत राहील. ती राहू द्या. 'मी त्याला मारलं' हा आरोप आणि 'मी वेगळं काही बोललो असतो तर' ही हळहळ, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खोटी आहे, तिला कागदावर उत्तर देता येतं. दुसरी प्रेमाचीच आहे, ती कागदाने जात नाही आणि तिला घालवायची घाईही करू नये. (वाचणाऱ्या इतरांसाठी: छातीत जळजळ किंवा दाब आणि त्यासोबत घाम, धाप, हाताकडे, जबड्याकडे किंवा पाठीकडे जाणारी कळ असेल तर दूध पीत बसू नका. महाराष्ट्रात १०८ ला फोन करा किंवा थेट कॅज्युअल्टी गाठा.) तुम्ही स्वतः एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. असा मित्र गेल्यावर आपल्या छातीत जरा कुठे आवळलं तरी रात्र जागून जाते, आणि अंगावर काढू नये हेही खरंच. रिपोर्ट चांगले आले की दर आठवड्याला पुन्हा ईसीजी काढायला जाऊ नका. ती भीती आहे, तिचा इलाज ईसीजीने होत नाही.

रडू न येणं नॉर्मल आहे का? हो. अचानक गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर फारच. आजारपण लांबलेलं असतं तेव्हा मन थोडं थोडं आधी रडून घेतं. इथे रात्री साडेनऊला माणूस होता, पहाटे नव्हता. डोक्याला बातमी कळलीय, हाताला कळलेली नाही. म्हणून क्रिकेटचा स्कोअर बघितला की अंगठा अजून त्याच्याच चॅटवर जातो. काहींचं रडू तीन महिन्यांनी येतं, एखाद्या फालतू ठिकाणी, टोलनाक्यावर किंवा वाण्याच्या दुकानात. काहींचं येतच नाही, त्यांचं दुःख चिडचिडीतून, पाठदुखीतून, नाहीतर रात्री दोनपर्यंत मोबाईल चाळण्यातून बाहेर पडतं. न रडण्यावरून प्रेम मोजू नका.

किती दिवस, हे परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमचं आधीचं काही न फिटलेलं दुःख आहे का, बोलायला माणूस आहे का, झोप आणि दारू यांचं काय चाललंय, यावर. शोकाच्या पाच पायऱ्या असतात (नकार, राग, घासाघीस, नैराश्य, स्वीकार) असं तुम्ही वाचलं असेल. त्या मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ साली मांडल्या, आणि त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून मांडल्या होत्या, मागे राहिलेल्यांशी नाही. तेव्हा 'मला अजून राग आला नाही, म्हणजे मी पहिल्याच पायरीवर अडकलो' असा हिशोब मांडू नका. मला कामात उपयोगी पडतं ते स्ट्रोब आणि शूट या दोन शोक-अभ्यासकांनी १९९९ मध्ये मांडलेलं चित्र. माणूस दुःखात जातो, मग संसारात येतो, पुन्हा दुःखात जातो. एका दिवसात दहा वेळा. सकाळी स्टँडअप मीटिंगमध्ये तुम्ही हसलात आणि दुपारी जिन्यात बसून राहिलात, तर दोन्ही खरं आहे. हसण्याचं तुम्हाला अपराधी वाटत असल्याचं लिहिलंय, म्हणून मुद्दाम सांगितलं. हेलकावे थांबत नाहीत, त्यांच्यातलं अंतर वाढत जातं.

माझी एक चूक सांगते. नोकरीच्या पहिल्या वर्षी, अपघातात मित्र गेलेल्या एका तरुणाला मी वॉर्डच्या बाहेर म्हणाले होते, "आता त्याच्या आई-वडिलांसाठी तू खंबीर राहायला हवंस." त्याने मान डोलावली. तो खंबीर राहिलाही. सहा महिन्यांनी त्याच रुग्णालयात दारूमुळे भरती झाला तेव्हा मला माझं वाक्य आठवलं. तेव्हापासून मी कुणालाही खंबीर राहायला सांगत नाही.

मोबाईलबद्दल एक व्यावहारिक गोष्ट, कारण ही कुणी आधी सांगत नाही आणि मग धक्का बसतो. तुमच्या होस्टेलच्या ग्रुपमध्ये त्याचा नंबर अजून आहे आणि पाच आठवडे कुणी काही टाकलेलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. व्हॉट्सॲपचं खातं साधारण १२० दिवस न वापरता राहिलं की आपोआप बंद होतं, आणि मग ग्रुपमध्ये त्याच्या नावापुढे 'लेफ्ट' अशी ओळ उमटते. एक बाई मला म्हणाल्या होत्या, "ताई, तो दुसऱ्यांदा गेल्यासारखं झालं." पुढे नंबर बंद झाला की किमान ९० दिवसांनी कंपनी तो दुसऱ्याला देऊ शकते, आणि एक दिवस त्याच्या नावावर अनोळखी माणसाचा फोटो दिसतो. म्हणून आत्ताच त्याची चॅट, व्हॉईस नोट्स, फोटो एक्सपोर्ट करून दोन ठिकाणी ठेवा. ऐकायलाच हवं असं नाही. आणि ग्रुपवर पहिला मेसेज तुम्ही टाका. श्रद्धांजलीचा फोटो नको. "रविवारी अकराला व्हिडिओ कॉल, त्याच्याबद्दल बोलूया" एवढं पुरे. बाकीचे चौघंही तुमच्यासारखेच कुणीतरी तोंड उघडायची वाट बघत बसलेत, हे मी खात्रीने सांगू शकते.

लिहिणं जमत असेल तर त्याच्यावर दोन पानं लिहा. दिसायचा कसा, चिडायचा कशावर, होस्टेलच्या मेसमध्ये काय करायचा. गोडगोड लिहू नका, खरं लिहा. आपल्याकडे याची मोठी परंपरा आहे. टिळक आणि आगरकर डेक्कन कॉलेजातले मित्र, १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस बरोबर काढलेले. पुढे इतकं फाटलं की आगरकरांनी केसरी सोडून सुधारक काढला. १८९५ च्या जूनमध्ये आगरकर गेले, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, आणि केसरीत त्यांच्यावरचा मृत्युलेख टिळकांनी लिहिला. तुमचं भांडण नव्हतं. पण ज्यांचं अबोल्यातच संपलं असे बरेचजण हे वाचत असतील, त्यांच्यासाठी मुद्दाम हा दाखला. अबोल्यानंतरही मित्रावर लिहायचा हक्क शिल्लक असतो.

धार्मिक विधींवर विश्वास असेल तर तिथेही जागा निघते. पितृपक्षातल्या महालयात ज्यांच्या नावाने पिंड देतात त्या यादीच्या अगदी शेवटी गुरू, शिष्य आणि आप्त येतात. त्या 'आप्त'मध्ये मित्राचं नाव घ्यायला लावणारे गुरुजी मी पाहिले आहेत. विचारून बघा. विश्वास नसेल तर त्याच्या वाढदिवसाला तुम्ही दोघं ज्या किल्ल्यावर जायचा तिथे जा. मात्र तारीख आधी ठरवा. वाढदिवस, वर्षश्राद्ध, तुमचा दरवर्षीचा ट्रेक, हे दिवस न सांगता अंगावर येतात.

मदत कधी घ्यायची? दोन-तीन आठवडे सलग झोप नसेल, दारू वाढली असेल, काम करणंच जमत नसेल, तर आत्ताच. वाट बघायची गरज नाही. शोक लांबल्याचं निदान करायला जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात किमान सहा महिने धरलेत, अमेरिकन मानसोपचाराच्या निकषांत मोठ्यांसाठी वर्ष. पण ते निदानाचे आकडे आहेत, मदत मागण्याचे नाहीत. आणि 'मीच गेलो असतो तर बरं' हा विचार चाटून जाण्यापलीकडे गेला, त्यात कसं-केव्हा यायला लागलं, तर त्याच मिनिटाला १४४१६ या नंबरवर फोन करा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, चोवीस तास, मोफत, मराठीतून बोलता येतं. घरातल्या एका माणसालाही तेव्हाच सांगा.

आता त्याच्या घरी जाण्याबद्दल. तुमची खरी भीती अशी दिसते की वहिनी विचारतील, किंवा तुम्हीच बोलून जाल. ते फोनवरचं त्यांना सांगायचं का?

माझं मत स्पष्ट आहे: पहिल्या भेटीत स्वतःहून सांगू नका. त्यात लपवाछपवी नाही. पाच आठवड्यांत त्या बाईंच्या डोक्यात स्वतःचेच शंभर 'जर-तर' असतील: मी उठून बघितलं असतं तर, मी डॉक्टरकडे ओढून नेलं असतं तर. तुम्ही तुमचा 'तर' त्यांच्या पुढ्यात ठेवलात की एकतर त्यांना तुमची समजूत घालावी लागते, नाहीतर त्यांना दोष द्यायला एक नवा माणूस मिळतो. दोन्ही त्यांच्यावर अन्याय. आधी हे दुसऱ्या कुणाला तरी सांगून मोकळे व्हा: होस्टेलमधल्या एखाद्याला, बायकोला, समुपदेशकाला. पण वहिनींनी समोरून विचारलं, "त्या रात्री तुमच्याशी काय बोलला होता?" तर एक शब्दही गाळू नका. मिसळ, गार दूध, सगळं. त्याच्या शेवटच्या तासांतलं जे काही कुणाकडे आहे ते त्या गोळा करत असतील, आणि त्यावर त्यांचा हक्क आहे. त्यांना राग आला तर येऊ द्या, सफाई देऊ नका, उठून जाऊ नका.

रिकाम्या हाताने "काही लागलं तर सांगा" म्हणायला जाऊ नका. कुणी सांगत नाही. तुम्ही दोघं एकाच क्षेत्रातले, त्याच्या पगाराचे, पीएफचे, कंपनीच्या विम्याचे कागद घरात तुमच्याइतके कुणाला कळणार? नोकरीत असताना माणूस गेला तर पीएफ खात्याशी जोडलेला ईडीएलआय विमा असतो, त्यातून वारसाला ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, आणि विधवा पेन्शनही असतं. कित्येक घरांना हे माहीतच नसतं. मृत्यूच्या दाखल्याच्या पुरेशा प्रती काढल्यात का, नॉमिनी कोण आहे, टर्म इन्शुरन्स होता का, हे बघायला अर्धा दिवस बसा. आणि त्यापलीकडे एकच छोटी गोष्ट अंगावर घ्या, जी तुम्ही दहा वर्षं करू शकाल. तेराव्याला "आम्ही आहोत" म्हणणारे पुष्कळ असतात, दिवाळीपर्यंत त्यातले दोन उरतात. त्याच्या मुलीच्या वाढदिवसाला दरवर्षी न चुकता जाणं, एवढंही खूप आहे. जमणार नाही ते बोलू नका.

शनिवारी सकाळी जा, नाश्त्याच्या वेळेनंतर, जेवणाच्या बऱ्याच आधी, म्हणजे त्यांच्यावर तुमच्या पानाची काळजी येणार नाही. आदल्या दिवशी त्याच्या आईला फोन करून सांगा, "काकू, उद्या येतोय." दारात काय बोलायचं हे सुचत नाही म्हणून लोक जायचंच टाळतात, म्हणून तेही सांगते. पहिल्या वाक्यात त्याचं नाव घ्या. होस्टेलवर तुम्ही ज्या नावाने हाक मारायचात तेच नाव, काकूंना ते माहीत असेल. मग बसा आणि होस्टेलमधली एखादी गोष्ट सांगा, जी त्यांनी कधी ऐकलेली नाही.